धाव आणि बंपर

साहित्याच्या अभ्यासकांनी कारागिरांच्या बोलीतून पुष्कळ शब्द उसने घेतले आहेत आणि ते परत करण्याचा विचार कधी केलेला नाही. कादंबरीची बांधणी घट्ट असते, कथेचे सांधे खिळखिळे असतात, कवितेची वीण सैल पडते, एखादा प्रसंग वरून ठोकून बसवल्यासारखा वाटतो. वर्गात हे शब्द वापरताना ते ज्या हातांतून आले ते हात आपल्याला आठवत नाहीत. मीही अनेक वर्षे ते तसेच वापरत आलो. अलीकडे मात्र 'सांधा' हा शब्द उच्चारला की मला आधी एक विशिष्ट सांधा दिसतो. तो पावणेपाच मिलिमीटर जाडीच्या दोन पोलादी प्लेटींमधला आहे, माझ्या हातचा आहे, आणि माझ्या पिकअप ट्रकच्या मागच्या बंपरमध्ये आहे. हा बंपर मी घरी तयार केला. तो करताना उभा राहिलेला एक प्रश्न आपल्या अभ्यासाशीही संबंधित आहे असे मला वाटते, म्हणून हा लेखनप्रपंच.

मी राहतो तो भाग म्हणजे अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातले लीहाय नदीचे खोरे. पोलाद हा इथल्या इतिहासाचा कणा आहे. बेथलेहेम शहरातल्या कंपनीने सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलासाठी पोलाद पुरवले होते. शहरातली पोलादनिर्मिती १९९५ मध्ये थांबली, कंपनी २००१ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि २००३ मध्ये तिचे अस्तित्व संपले. थंड पडलेल्या झोतभट्ट्यांच्या पायथ्याशी २०११ पासून गाण्याबजावण्याचे कार्यक्रम होतात. भट्ट्या विझल्या, परंतु खोऱ्यातल्या घरांच्या गॅरेजांमध्ये वेल्डिंगची यंत्रे राहिली आणि ती चालवणारे हातही राहिले. माझे शेजारी अशांपैकी एक. पुलांच्या तुळया आणि दाबाच्या टाक्या सांधण्यात त्यांचे आयुष्य गेले. मी वाङ्मय शिकवतो हे कळल्यावर त्यांनी विचारले होते, "म्हणजे तू नक्की काय तयार करतोस?" या प्रश्नात उपहास नव्हता, त्यांना खरोखरच जाणून घ्यायचे होते.

इथल्या हिवाळ्यात बर्फ वितळावे म्हणून रस्त्यांवर मीठ पसरतात. हे मीठ गाड्यांना खालून खाते. मी घेतलेला ट्रक जुना होता आणि त्याचा मागचा बंपर वरून चकचकीत, आतून पोखरलेला. कारखान्यात असे बंपर पातळ पत्रा साच्यात दाबून करतात आणि वर क्रोमचा मुलामा देतात. पाणी आतल्या बाजूला साचते आणि गंज तिथून सुरू होतो. नवा बंपर बाजारात मिळतो. पण शेजारी म्हणाले, "विकत कशाला घेतोस? प्लेट आण. मी दाखवतो, हात तुझे." या देशात पिकअप ट्रकचा बंपर स्वतः करणे ही हजारो लोकांची हौस आहे, आणि त्या हौसेला कायद्यानेही वाव ठेवला आहे. बंपरविषयीचे इथले केंद्रीय मानक १९८२ पासून ताशी अडीच मैल, म्हणजे सुमारे ४ किलोमीटर वेगाच्या टकरीपुरते आहे, आणि तेही केवळ प्रवासी मोटारींना लागू होते. पिकअप ट्रक त्यातून वगळलेले आहेत. उंचीसारख्या बाबींवर राज्यांचे नियम असतात. बाकी बरेचसे करणाऱ्याच्या विवेकावर सोडलेले आहे. हा विवेक कसा असतो, हाच पुढे या लेखाचा विषय होणार आहे.

काम सुरू होते ते पुठ्ठ्यापासून. 'कॅड' म्हणजे संगणकाच्या मदतीने केलेला आराखडा. इथले हौशी कारागीर त्यावर कोटी करून संगणकाच्या जागी पुठ्ठा घालतात, कारण इंग्रजीत दोन्ही शब्दांचे आद्याक्षर एकच आहे. खोक्यांचे पुठ्ठे कापून, चिकटपट्टीने जोडून ट्रकच्या मागे संपूर्ण बंपर आधी पुठ्ठ्यात उभा केला. नंबरप्लेटचा दिवा, मागच्या फळीचे उघडणे, ओढकामाच्या कडीची जागा, सगळे त्यात दिसू लागते. पुठ्ठा बोथट कात्रीनेही कापता येतो आणि चुरगळून टाकता येतो. पोलादाला एवढी क्षमाशीलता नसते. कच्च्या खर्ड्याचे महत्त्व मी विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे सांगत आलो आहे, पण त्याची किंमत किलोग्रॅममध्ये मोजण्याची वेळ प्रथमच आली. पावणेपाच मिलिमीटर जाडीच्या प्लेटचे वजन दर चौरस मीटरला सुमारे ३७ किलो भरते. आमचा बंपर कंसांसकट ४५ किलोंच्या आसपास गेला.

पुठ्ठ्यावरून खडूने प्लेटवर रेघा ओढायच्या, ग्राइंडरला कापायचे चाक लावून त्या रेघांवरून जायचे, कानशीने कडा मारायच्या. प्लेट वाकवण्याचे मोठे यंत्र घरी नसते. मग जिथे वाकवायचे त्या रेघेवर ग्राइंडरने निम्म्या जाडीपर्यंत चर पाडायचा, प्लेट शिकंज्यात धरायची, लांब पाइपाच्या तरफेने हवा तो कोन येईपर्यंत ओढायची, आणि तो चर वेल्डिंगने पुन्हा भरून काढायचा. म्हणजे वाकण्यासाठी आधी दुबळे करायचे आणि वाकल्यावर बळ परत द्यायचे. शेजाऱ्यांची शिस्त कडक होती. पत्र्यावरची काळी खपली घासून लख्ख धातू दिसल्याशिवाय वेल्डिंग नाही. जस्ताचा मुलामा असलेला तुकडा आला तर मुलामा आधी काढायचा, कारण जस्ताच्या धुराने ताप भरतो. ब्रेक साफ करण्याच्या क्लोरीनयुक्त द्रावाने पुसलेला धातू वेल्डिंगजवळ आणायचा नाही, कारण वेल्डिंगच्या ठिणगीपाशी त्यातून फॉस्जीन नावाचा विषारी वायू निर्माण होऊ शकतो. गाडीवर थेट टाका मारायचा असेल तर आधी बॅटरीची वायर सोडायची. यांतला एकही नियम त्यांनी कारणाशिवाय सांगितला नाही, आणि बहुतेक कारणांमागे कुणाचे तरी दुखणे होते.

खरा धडा मात्र वेल्डिंगमध्ये होता. तुकडे जागेवर धरून आधी ठिकठिकाणी छोटे टाके मारायचे. ते झाले की सलग सांधा भरण्याचा मोह होतो. तसे करायचे नाही. वितळलेला धातू थंड होताना आकसतो आणि आकसताना शेजारच्या प्लेटला आपल्याकडे ओढतो. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरळ जात राहिलो तर दोन मीटर लांबीची सरळ प्लेट केळ्यासारखी वाकते. म्हणून इथे बोटभर, मग पार दुसऱ्या टोकाला बोटभर, मग मध्ये, असे अंतर राखून, थंड होऊ देत पुढे जायचे. आणखी एक गोष्ट त्यांनी दाखवली. एक निकामी सांधा शिकंज्यात धरून त्यांनी हातोड्याने मोडला. तो वेल्डिंगमध्ये तुटला नाही. वेल्डिंगच्या लगत, उष्णतेने ज्या धातूचा स्वभाव बदलला होता त्या पट्ट्यात तुटला. "जोड पक्का असला म्हणून भागत नाही," ते म्हणाले, "शेजाऱ्याला काय झालं तेही बघावं लागतं."

हे आकसणे ऐकल्यावर मला आमच्या घरातले जुने काम आठवले. माझे आजोबा, आबा, सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावाचे लोहार होते. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवणे हे लोहाराचे मानाचे आणि जोखमीचे काम. धावेचे कडे चाकाच्या परिघापेक्षा किंचित लहान ठेवायचे, गोवऱ्यांच्या जाळात लाल होईपर्यंत तापवायचे, तापून फुगले की सांडशींनी उचलून चाकावर बसवायचे आणि लगेच पाणी ओतायचे. थंड होताना कडे आकसते आणि आरे, तुंबा, सगळे लाकूड एकमेकांत करकचून आवळते. त्यात ना खिळ्याचा भरवसा, ना डिंकाचा. सगळी मदार आकसण्यावर. मी ज्या आकुंचनाला गॅरेजात चुकवत होतो, त्यालाच आबा कामाला जुंपत असत. धातू तोच, नियम तोच. मला ही गोष्ट साठ-सत्तर वर्षे उशिरा आणि दुसऱ्या खंडात, परक्या माणसाकडून समजली, कारण मधल्या पिढीने ती मला समजू नये याची काळजी घेतली होती.

मधली पिढी म्हणजे माझे वडील. अण्णा माध्यमिक शाळेत शिक्षक झाले आणि गावातला भाता त्यांनी मला लहानपणी दुरूनच दाखवला. हातोडा माझ्या हाती कधी लागू दिला नाही. मी वेल्डिंग मशीन घेतल्याचे फोनवर सांगितले तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "एवढं शिकून शेवटी भात्यापाशीच गेलास की रे." मी म्हणालो, "अण्णा, हौस म्हणून करतोय." त्यावर ते म्हणाले, "आबांना हौस होती की नव्हती, हे त्यांना कुणी विचारलंच नाही."

हे वाक्य माझ्या मनातून गेलेले नाही. हाताने काम करण्याचा गौरव करणारी चांगली पुस्तके गेल्या काही दशकांत इंग्रजीत आली. रॉबर्ट पर्सिग यांचे मोटरसायकलच्या देखभालीवरचे पुस्तक १९७४ चे. रिचर्ड सेनेट यांनी कारागिरावर २००८ मध्ये लिहिले. पुढच्याच वर्षी मॅथ्यू क्रॉफर्ड यांनी शाळेतल्या वर्कशॉपच्या तासाला आत्म्याच्या मशागतीशी जोडले. मी ती आदराने वाचली आहेत आणि वर्गात नेमलीही आहेत. परंतु काम निवडता येते आणि सोडता येते, हे त्यांच्या आनंदामागचे गृहीत आहे. पर्सिग आणि क्रॉफर्ड बुद्धिजीवी जगातून यंत्राकडे येतात आणि तो प्रवास त्यांना मुक्त करतो. आमच्याकडे प्रवासाची दिशा उलटी होती. जातीने नेमून दिलेल्या ऐरणीपासून दूर जाणे हीच मुक्ती होती. 'साधी माणसं' (१९६५) या चित्रपटाने लोहाराचा भाता मराठी मनात कायमचा नेऊन ठेवला, आणि त्या गाण्याने डोळे ओलावणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी भाता ओढलेला असेल. अण्णांनी ते गाणे आमच्या घरात कधी लावले नाही. बलुतेदारीतही पायऱ्या होत्या आणि आमची पायरी सर्वांत खालची नव्हती, हेही इथे नोंदवायला हवे; आबांना ज्या वाड्यांच्या ओसरीपर्यंत जाता येई, तिथे इतर काहींना अंगणातही प्रवेश नव्हता. तेव्हा गतकाळाबद्दल उमाळे काढण्याचा हा लेख नाही.

तरीही त्या व्यवस्थेत एक गोष्ट होती जिच्याकडे मला या बंपरने पाहायला लावले. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गाव-गाडा' (१९१५) या ग्रंथात बलुत्याचा व्यवहार तपशिलाने आलेला आहे. लोहाराने वर्षभर कुळाची लोखंडी औते करायची, सांधायची, त्यांना धार लावायची आणि सुगीला धान्याच्या रूपाने आपला वाटा घ्यायचा. आत्रे या पद्धतीकडे भाबडेपणाने पाहत नाहीत. पण तिचा एक परिणाम असा होता की केलेली वस्तू आणि करणारा माणूस एकमेकांच्या नजरेआड होत नसत. फाळ वाकला तर तो कुणी केला हे विचारावे लागत नसे.

असो. मागचा बंपर बसला. त्याची उंची मूळ बंपराएवढीच ठेवली, म्हणजे मागून आलेली लहान मोटार त्याखाली शिरणार नाही. कोपरे गोल केले. तळाशी पाणी निथळायला भोके ठेवली. आतल्या बाजूला जस्तयुक्त प्रायमर बाहेरच्यापेक्षा काळजीने लावला. मग शेजाऱ्यांनी पुढच्या बंपराचा विषय काढला. पुठ्ठे तयारच होते. पेनसिल्व्हेनियात हरणांशी गाड्यांची टक्कर ही नित्याची बाब आहे, विशेषतः ऑक्टोबर-नोव्हेंबरात, त्यांच्या माजाच्या काळात. पुढे भक्कम पोलाद असले तर रेडिएटर वाचतो आणि माणूस घरी पोहोचतो. शेजाऱ्यांचा युक्तिवाद अनुभवाचा होता आणि तो मला पटतही होता.

दुसरी बाजू अशी. मोटारीचा पुढचा भाग चुरगळण्यासाठीच बनवलेला असतो. टक्कर झाल्यावर गाडीला थांबायला जितके अंतर मिळते तितका आघात सौम्य होतो. तेच अंतर निम्मे केले तर सरासरी बल दुप्पट होते. पुढे चुरगळणारा भाग जेवढा कमी, तेवढा आघात चौकटीतून आत बसलेल्यांपर्यंत जातो. एअरबॅग कधी उघडायची हे ठरवणारी यंत्रणा गाडीच्या मूळ वागणुकीवर बेतलेली असते. तीत आपण न मोजता ढवळाढवळ करतो. आणि समोर हरीण नसून पायी चालणारा माणूस किंवा सायकलवरचा मुलगा असेल, तर पातळ पत्रा आणि पावणेपाच मिलिमीटर प्लेट यांतला फरक त्याच्या हाडांना भोगावा लागतो. भारतातही याच कारणासाठी केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना पत्र पाठवून गाड्यांपुढच्या क्रॅश गार्डवर कारवाई करायला सांगितले होते. असे गार्ड बसवणे म्हणजे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा भंग, असे त्यात म्हटले होते.

हे सगळे वाचून झाले होते, तरी निर्णय होत नव्हता. तो झाला अण्णांच्या एका प्रश्नाने. मागच्या बंपराचे फोटो त्यांनी पाहिले होते. सांध्यांबद्दल दोन अचूक शंकाही विचारल्या होत्या, ज्यावरून भात्याकडे त्यांची पाठ असली तरी कान तिकडेच होते हे माझ्या लक्षात आले. पुढच्या बंपराचे ऐकल्यावर ते म्हणाले, "कुणाच्या गाडीची धाव निघाली, तर तो माणूस आबांच्या दारात यायचा. शिव्या द्यायचा, बसायचा, धाव परत चढवून घेऊन जायचा. तुझं हे लोखंड कुणाला लागलं, तर तो कुणाच्या दारात येणार?"

आबांची वस्तू ज्याला वापरायची होती तोच तिच्या बऱ्यावाईटाचा धनी होता आणि तो आबांना ओळखत होता. माझा पुढचा बंपर मला वाचवणार होता आणि त्याची किंमत मोजणारा मात्र कुणी अनोळखी असणार होता, ज्याच्याशी माझा धान्याचा व्यवहार नाही, ज्याला माझे दार ठाऊक नाही. ज्या कारखान्याने मूळ बंपर केला त्याच्यामागे निदान चाचण्या आहेत, नोंदी आहेत, न्यायालयात उभे करता येईल असे नाव आहे. माझ्यामागे पुठ्ठा होता आणि उत्तम शिक्षक होता. मी पुढचा बंपर केला नाही. शेजाऱ्यांना हे फारसे रुचले नाही. "तू फार वाचतोस," एवढेच ते म्हणाले. हरणाचा प्रश्न त्यांच्या दृष्टीने शिल्लक आहे, आणि माझ्याही. अंधार पडल्यावर मी आता सावकाश चालवतो. माझ्यापाशी तेवढेच उत्तर आहे.

रोलाँ बार्त यांच्या 'लेखकाचा मृत्यू' (१९६७) या निबंधानंतर संहिता आणि तिचा कर्ता यांची फारकत आपण वर्गात सहज करतो. ती उपयुक्तच आहे. तिच्यामुळे वाचकाला स्वातंत्र्य मिळाले. पण ती फारकत सर्व निर्मितीला लागू करण्याची सवय लागली आहे का, असे मला वाटू लागले आहे. शेजाऱ्यांनी सांगितले की दाबाच्या टाक्यांच्या कामात प्रत्येक वेल्डरची स्वतःची खूण ठरलेली असते आणि आपल्या सांध्याशेजारी ती ठोकावी लागते. वीस वर्षांनी सांधा उलला तरी तो कुणाचा, हे कळते. इथे कर्त्याला मरण्याची सवलत नाही. आणि 'घट्ट बांधणी' हे जे आपण प्रशस्तिपत्र म्हणून वाटतो, त्याबद्दलही मी सावध झालो आहे. रचना घट्ट असणे हा स्वयमेव गुण नाही. आघात आला तर ती तो कुठे नेते, स्वतःत मुरवते की समोरच्यावर टाकते, हे पाहिल्याशिवाय तिच्या बळकटपणाची स्तुती अपुरी आहे. अशा कादंबऱ्या आपण वाचल्या आहेत ज्यांच्या अभेद्य रचनेत लेखक सुखरूप राहतो आणि पात्रे चिरडली जातात.

पेनसिल्व्हेनियात गाडीची दरवर्षी सुरक्षा-तपासणी करून घ्यावी लागते. गेल्या खेपेस तपासणीच्या मेकॅनिकने माझ्या बंपराच्या कडेवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तळहात फिरवला, खाली वाकून कंसांचे बोल्ट पाहिले आणि विचारले, "हा कुणी केला?" मी माझे नाव सांगितले. त्याने मान डोलावली आणि पुढे चाकांकडे वळला. संध्याकाळी हे अण्णांना सांगितले, तर ते म्हणाले, "नाव सांगितलंस, बरं केलंस. आता दर पावसाळ्याआधी सांधे बघत जा." इथे पावसाळा नसतो, मिठाचा हिवाळा असतो, हे मी त्यांना सांगितले नाही. हिवाळ्याआधी बघतो.